बेशरमाची मुळी

समुद्रपूर म्हटलं की परगावचा माणूस हमखास विचारतो, "समुद्र कुठाय मग?" वर्धा जिल्ह्यातल्या या आमच्या तालुक्याच्या गावाहून कुठल्याही दिशेला सरळ पाचशे किलोमीटर गेलं तरी खारं पाणी लागत नाही. कापूस, सोयाबीन, तूर आणि जाम चौरस्त्यावरून हैदराबादकडे धावणारे ट्रक, एवढाच आमचा भूगोल. शिंपले मात्र आमच्याकडे घरोघरी असायचे. नाल्याच्या डोहातला मोठासा शिंपला आणायचा, त्याची पाठ दगडावर घासून मधोमध भोक पाडायचं आणि त्या भोकाच्या धारेनं कैरी सोलायची. सालीची लांबच लांब फीत निघते. माझ्या आईचा असा शिंपला अजून स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. तो एकदा शाळेत नेऊन दाखवला, तर सातवीतल्या एकाही पोराला ओळखता आला नाही. पोरांचा काय दोष? आमच्या नाल्यांत शिंपले उरलेत कुठं? काठाला बेशरमाची झुडपं, पाण्यावर जलकुंभी आणि तळाला प्लास्टिक.

माझा भाचा अमेरिकेत सिएटलजवळ राहतो. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तो गुडघाभर बूट घालून खाडीच्या चिखलात उतरतो आणि पिंजरे लावून खेकडे मोजतो. युरोपातला हिरवा खेकडा जहाजांबरोबर त्या देशात पोचला. पश्चिम किनाऱ्यावर तो १९८९च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत सापडला आणि २०१६ साली वॉशिंग्टन राज्याच्या आतल्या समुद्रात दिसला. हा खेकडा कोवळे कालव आणि शिंपले फोडून खातो आणि समुद्री गवत मुळासकट उकरतो. २०२२च्या जानेवारीत तिथल्या गव्हर्नरनं त्याच्यासाठी चक्क आणीबाणी जाहीर केली. भाच्यासारखे शेकडो लोक, कुणी बँकेत, कुणी संगणकावर काम करणारे, 'वॉशिंग्टन सी ग्रँट'च्या क्रॅब टीममध्ये नाव नोंदवून विनामोबदला हे काम करतात. फोनवर तो सांगत होता, "मामा, इथल्या शिंपल्यांसाठी करतो आम्ही हे. तिकडे असं काही असतं का?"

असतं. आपण त्याला स्वयंसेवा म्हणत नाही एवढंच. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था आणि त्या घरांतल्या बाया बऱ्याच वर्षांपासून तलावांतलं बेशरम उपटून काढताहेत. भंडाऱ्याच्या मनीष राजनकरांनी आणि त्यांच्या निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांच्या माहितीच्या आधारानं हे काम उभं केल्याचं मी वाचलं होतं. माझा एक जुना विद्यार्थी त्या भागात नोकरीला आहे. त्यानं एका गावच्या संस्थेशी बोलणं करून दिलं. उन्हाळ्याची सुट्टी होती आणि नवतपा लागला होता. एवढ्या उन्हात तलावातलं बेशरम उपटायला निघालेला मास्तर पाहून बसस्टँडवर लोकांनी जी तोंडं केली, ती मी मुकाट्यानं पाहून घेतली. बरोबर अकरावी-बारावीची दोन पोरं होती. त्यांना फिरायला मिळत होतं, म्हणून ती आली.

आम्ही गिरडवरून निघालो. गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि त्या टेकडीवर गोल, गुळगुळीत दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा नारळ-सुपाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला, ही कथा आमच्या तालुक्यात लहान पोरालाही पाठ असते. शास्त्र सांगतं की लाव्हा थंड होताना त्यात राहिलेल्या पोकळ्यांत ही खनिजं साठत गेली. मी वर्गात दोन्ही सांगतो आणि परीक्षेत दुसरं लिहायला लावतो. याच काळ्या खडकाच्या दोन थरांच्या मध्ये, जुन्या तळ्यांच्या गाळात, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिळतात. नागपूरजवळच्या टाकळीत ते स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे तेच हे हिस्लॉप. १८६३ साली टाकळघाटाजवळ नाला ओलांडताना बुडून ते गेले. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्हा वाहत होता त्या काळातसुद्धा, आमच्या भागात तळी होती आणि तळ्यांत शंखशिंपले होते. तेवढ्या उलथापालथीतून पार पडलेली ही जात आमच्या पिढीच्या हातून हद्दपार होत असेल, तर जरा विचार करायला हवा.

उमरेडच्या कोळसा खाणींनंतर भिवापूर लागतं, मिरचीचं. भिवापूर सोडलं की जमिनीचा रंग उतरू लागतो. कापसाची काळी माती मागं पडते, झाडं दाटतात, आणि पवनीला वैनगंगा ओलांडली की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. आमच्याकडे जमीन सपाट लांब पसरलेली असते. इथं ती चौकोन चौकोन पाडून पाणी अडवायला बसलेली आहे. पवनीत मौर्यकाळाइतके जुने बौद्ध स्तूप १९६९-७०च्या उत्खननात सापडले, ते पाहायला वेळ हवा, आमच्याकडे नव्हता. मात्र गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरलेले पाहायला वेळ काढावा लागत नाही, ते रस्त्यावरूनच दिसतात. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, तेच या जलपर्णीचं खतपाणी. उपराजधानीची घाण आणि खेड्यातलं पाणी यांचा हा संबंध नवा नाही. तरी तो डोळ्यांनी पाहिला की राग येतोच.

अर्जुनी मोरगावच्या परिसरात तलाव इतके, की एकाची पाळ उतरावी तर दुसऱ्याची चढण लागते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं इथं येऊन हे तलाव बांधले. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून त्यांची संख्या सहा हजारांच्या वर आहे. नवेगावचा मोठा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात घातला, असं सांगतात. पुढं तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचं कागदोपत्री नाव 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. मामाचा माल सगळ्यांचा, त्यामुळं निगा कुणाचीच नाही. आज तलाव जिल्हा परिषदेचा, पाणी शेतकऱ्यांचं, मासे लीज घेतलेल्या संस्थेचे. बेशरम कुणाचं, हे मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

पहाटे साडेचारला आम्हाला उठवलं. या दिवसांत नऊ-दहाच्या पुढं तलावात उभं राहवत नाही. पाळीवर पोचलो तेव्हा वीस-बावीस बाया आणि सात-आठ पुरुष आधीच उतरले होते. तलावात पाणी होतं ते मधल्या खोलगट भागापुरतं. बाकी सगळा तळ भेगाळलेला. आणि पाणी जिथं संपतं तिथून पाळीपर्यंत, जिथं एरवी पाऊस पडल्यावर गुडघा-मांडीभर पाणी असायला हवं त्या सगळ्या पट्ट्यात, बेशरम. माणसापेक्षा उंच. फिकट जांभळी फुलं फुललेली. लांबून पाहणाऱ्याला बाग वाटेल.

विदर्भात बेशरम कुणाला नव्यानं सांगायला नको. रस्त्यावर खड्डा पडला की कार्यकर्ते त्यात बेशरमाचं झाड लावतात, अधिकारी भेटला नाही की त्याच्या खुर्चीला बेशरमाची फांदी बांधून येतात. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं आणि कुळानं रताळ्याचा भाऊबंद. शोभेसाठी, कुंपणासाठी म्हणून आलं आणि राहिलं. बकरी त्याला तोंड लावत नाही. दुष्काळात दुसरं काहीच नाही म्हणून खाल्लंच, तर तिचे पाय लटपटतात, मान हलू लागते. त्यामुळं राखण लागत नाही. तुकडा पडला की पेरावर मुळं फुटतात. पाण्यात बुडलं तरी जगतं, उन्हात वाळलं तरी जगतं. आमच्या गावात त्याच्या कुडाच्या भिंती होत्या, आणि त्या भिंतींनाही पहिल्या पावसात पानं फुटलेली मी पाहिली आहेत.

कामाची पद्धत ठरलेली होती. पुढच्या बायांनी विळ्या-कुऱ्हाडीनं झुडूप गुडघ्याच्या उंचीवर तोडायचं, मागून टिकास आणि सब्बल घेतलेल्यांनी बुंध्याभोवतीची माती मोकळी करायची, मग दोघांनी खुंट धरून ओढायचा. तोडलेल्या फांद्या तिथं टाकायच्या नाहीत. भारे बांधून पाळीच्या पलीकडे, पावसाळ्यातही पाणी पोचणार नाही अशा जागी नेऊन ढीग घालायचा. तिथं त्या खडखडीत वाळल्या की जाळायच्या. आमच्यातल्या एका पोरानं जोर लावून खुंट उपटला आणि मोठ्या ऐटीत वर धरला. शेजारच्या साठीतल्या मावशींनी खुंटाकडे पाहिलंही नाही. त्या खड्ड्यात वाकल्या, बोटांनी माती चाचपली आणि करंगळीएवढी पांढरट मुळी ओढून काढली.

"हे ठेवली का पुन्हा येते जी. खुंट तं कोनीबी काढते."

त्यानंतर पोरगं प्रत्येक खड्ड्यात हात घालायला लागलं. माझ्या तळहाताला सातच्या आत फोड आले होते. चीक लागला की त्या फोडांची आग होते. मावशींनी विचारलं, "सर, हात सोलले का?" आणि उत्तराची वाट न पाहता मला भारे वाहायच्या कामावर लावलं. शिक्षकाची बढती की बदली, ते समजून घ्यायचं.

आठच्या सुमारास टिकासाखालच्या ढेकळातून लिंबाएवढा गोल, तपकिरी शंख निघाला. घोंगा. तोंडावर घट्ट झाकण लावलेलं. पाणी आटू लागलं की हा गाळात शिरतो, दार लावून घेतो आणि पावसापर्यंत झोपतो. मावशींनी तो उचलला, तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाल्या, "जिता आहे." रिकामा असता तर हलका लागला असता. मग त्यांनी पाण्याच्या जवळ, जिथं चिखलाला अजून ओल होती, तिथं बोटानं खळगा करून तो आत बसवला आणि वर मूठभर माती दाबली. हे करताना त्या कुणाला काही समजावून सांगत नव्हत्या; दुसऱ्या हातात विळा होताच. नंतर अशा घोंग्यांसाठी एक टोपलं बाजूला ठेवलेलं दिसलं. खायला नाहीत का, असं मी विचारलं. खातात, पण आता नाही. झोपेतला घोंगा खाल्ला तर पावसाळ्यात तलावात काय राहील, हा त्यांचा हिशेब.

या घोंग्यांवर जगणारा एक करकोचा आहे. चोच मिटली तरी मधे फट राहते असा, म्हणून पुस्तकात 'उघड्या चोचीचा करकोचा' आणि लोकांत 'घोंगल्याफोडा'. त्या सकाळी तीन पक्षी उथळ पाण्यात पावलं मोजत फिरत होते. बेशरमाच्या जाळीत त्यांना शिरता येत नाही. पाय टाकायला जागा नाही, पंख पसरायला नाही. म्हणजे ते झाड पाण्याचा काठ खातं आणि काठाबरोबर काठावरचं सगळं बिऱ्हाड उठवतं. मासे अंडी घालतात ते काठच्या उथळ, उबदार, गवताळ पाण्यात. घोंगे चरतात ते तिथंच. शिंपले रुततात तेही फार खोल नाहीत.

शिंपल्याची गोष्ट मी वर्गात शिकवतो, पण ती तलावात उभं राहून सांगायला वेगळीच मजा आली. नुसत्या एका पायाचा हा प्राणी फार लांब जाऊ शकत नाही. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारीक असतात, आणि बाहेर पडल्यावर ती माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात. काही आठवडे माशाच्या अंगावर राहून मग गळून तळाशी पडतात आणि तिथून पुढं शिंपला म्हणून जगतात. मासाच त्यांचा पाळणा आणि मासाच एसटी. मासा गेला की म्हातारे शिंपले वर्षानुवर्षं गाळात जिवंत राहतात, पाणी गाळत राहतात, पण नवं पिल्लू लागत नाही. एक दिवस सगळे म्हातारे संपतात. आम्हाला त्या दिवशी सापडलेले शिंपले मोठेच होते. बोटाच्या पेराएवढा एकही नव्हता. दोन्ही पोरं आणि मी मुद्दाम शोधले. मावशी म्हणाल्या, साफ केलेल्या जुन्या तलावात बारके सापडतात, इथं अजून वेळ आहे.

मासे का गेले, याचं उत्तर बेशरमावर ढकलून मोकळं होता येत नाही. सरकारी योजनांतून तलावांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सुटली. त्यांच्या जोडीला परदेशी मासे आले. १९५९ साली चीनकडचे गवत्या आणि चंदेरा भारतात आणले गेले. गवत्या नावाप्रमाणे पाण्यातलं गवत खातो, आणि भरपूर खातो. तलावातल्या वनस्पती संपल्या की तिथं अंडी घालणारे मरळ, शिंगूर, दाडक असे गावठी मासे आपोआप संपतात. दरवर्षी बीज विकत आणून सोडायचं, दरवर्षी पकडून विकायचं; तलाव म्हणजे नुसती टाकी. गावठी मासा मात्र स्वतःचा वंश स्वतः वाढवतो, त्याला बीज विकत घ्यावं लागत नाही आणि बाजारात त्याला भावही चांगला मिळतो. हे ढिवरांच्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. कुठल्या माशाला कुठलं गवत लागतं, कोण कुठं अंडी घालतो, हे त्यांनी तोंडी सांगितलं आणि राजनकरांसारख्यांनी ते कागदावर उतरवून त्याप्रमाणे तलाव पुन्हा लावायला सुरुवात केली. आधी बेशरम काढायचं, मग तळ नांगरायचा, आणि पाऊस पडून पाणी चढू लागलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती लावायच्या. तळाशी राहणारी हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया, पानं तरंगणारी कुमुदासारखी, काठाला देवधान. गवत्या सोडायचा नाही, हा संस्थेचा ठराव.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथं आहे. उपटणं हे अर्धं काम. रिकामी केलेली जागा रिकामी ठेवली तर तिथं पुन्हा बेशरमच येणार. ती जागा मूळच्या धन्याला परत द्यावी लागते, आणि मूळचा धनी कोण हे सांगणारा माणूस लागतो.

हीच गोष्ट जेसीबीवाल्यांना पटवणं अवघड. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली आली. गाळ शेतात गेला, तलाव खोल झाले, हे खरंच चांगलं झालं. पण यंत्र सरसकट खरवडतं. बेशरमाचे तुकडे करून गाळाबरोबर शेताच्या बांधावर पोचवतं, आणि कमळकंद, झोपलेले घोंगे, शिंपले यांना ट्रॉलीत भरून उन्हात नेऊन टाकतं. काठाचा उतार जाऊन उभी कड होते. तिथं ना मासा अंडी घालतो, ना पक्षी उतरतो. या गावच्या संस्थेनं काठचा पट्टा यंत्रापासून राखून ठेवला होता. तेवढा हाताने करायचा, यावर बाया अडून बसल्या होत्या, असं एका काकांनी थोड्या कौतुकानं आणि थोड्या वैतागानं सांगितलं.

दहाला काम थांबलं. पळसाच्या पानावर भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वाळले झिंगे घालून वांग्याची भाजी. पोरं दोनदा वाढून घेऊनही झिंग्यांकडे पाहत राहिली. जेवताना मी भाच्याच्या खेकड्यांची गोष्ट सांगितली. तिकडे लोक पिंजरा लावतात, खेकडा मोजपट्टीनं मोजतात, कागद भरतात. एका बाईनं विचारलं, "मंग त्या लोकायचं पोट त्या शिंपल्यावर आहे का?" मी म्हटलं, नाही, ते नोकऱ्या करतात. शिंपल्यावर पोट असणारे तिथले मूळ रहिवासी आणि कालव पिकवणारे वेगळे. त्यावर ती म्हणाली, "बरं आहे बापा, पोट नसूनबी करतेत." मला यात टोमणा दिसला नाही. कौतुकच होतं.

समुद्रकाठी परक्या जातींची अशी घुसखोरी आपल्याकडेही होते आहेच. केरळातल्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ साली टिकाऊपणाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, देशात पहिलंच. त्याच सरोवरात काही वर्षांत दक्षिण अमेरिकेतला एक परका शिंपला येऊन खडक, खुंटे, जाळी सगळं व्यापून बसला आणि तिथल्या हिरव्या शिंपल्याला जागा उरली नाही. कॅरिबियन समुद्रातला दुसरा एक परका शिंपला १९६७ सालीच विशाखापट्टणमच्या बंदरात आणि पुढं मुंबईच्या गोदीत पोचलेला आहे. १९९९ साली तोच ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला सापडला, तेव्हा त्यांनी गोद्यांचे दरवाजे बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं आणि काही आठवड्यांत शिंपल्यासकट आतलं बहुतेक सगळं मारून टाकलं. शिंपला गेला. वेळेवर सापडला आणि जागा बंद करता आली म्हणून गेला. आमच्या बेशरमाच्या बाबतीत ती वेळ शंभर वर्षांपूर्वी टळली. आता मुळी मुळी शोधत बसण्यावाचून इलाज नाही.

संध्याकाळी पोरांना नवेगावबांध दाखवला. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना इथं राहिले, इथल्या माणसांकडून जंगल शिकले. त्यामुळं मराठी वाचणाऱ्या माणसाला हे पाणी आधीच ओळखीचं असतं. डोंगरांच्या कुशीत बांधाचं एवढं मोठं पाणी पाहून धाकटा म्हणाला, "सर, हाच आपला समुद्र समजायचा काय?" समज म्हटलं. पण काठावर दोन ठिकाणी जांभळी फुलं दिसत होती, आणि ती त्यानंच आधी पाहिली.

परतीच्या वाटेवर आमच्या तालुक्यातल्या एका नाल्याच्या पुलावर गाडी थांबवून आम्ही खाली पाहिलं. तिथं अर्जुनीपेक्षा कमी बेशरम आहे. चार रविवार दिले तर निघेल. पण काढल्यावर पुढं काय लावायचं, आणि लावलेलं कोण राखेल, हे विचारायला आमच्या गावात आता कुणाकडे जावं? नाल्यावर ज्यांचं पोट होतं ती घरं बाजारातल्या मासळीच्या दुकानाकडे आणि मजुरीकडे केव्हाच वळली. एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना मरळ कुठं अंडी घालायची ते आठवतं. ते असेपर्यंत पोरांना घेऊन त्यांच्याकडे बसणं, हे आमचं सध्याचं काम.

आता वाचकांना एक विनंती. असल्या श्रमदानाला जावंसं वाटलं तर संस्थेला आधी विचारून जा, तलाव त्यांच्या लीजचा असतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे न्या, पहाटे उतरा, नऊ-दहाला बाहेर या. आणि जमत असेल तर मे महिन्यात जाऊच नका. मे महिन्यात कॅमेरे येतात, कॉलेजची पोरं येतात, माझ्यासारखे सुट्टीतले मास्तर येतात. उपटायला माणसं मिळतात. पाणवनस्पती लावायच्या असतात त्या जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमके तेच धानाच्या रोवणीचे दिवस. बायांना तेव्हा रोवणीची मजुरी सोडून तलावात उतरणं परवडत नाही, आणि जेवताना त्यांनी मला हे दोनदा सांगितलं. तेव्हा जायचं तर जुलैत जा.